कोरियन बॅलड पहिल्यांदा ऐकताय? आययूच्या ‘रात्रीच्या पत्रा’पासून सुरुवात करा

आधी एक काम करा, सबटायटल बंद करा. भाषेचा गंध नसताना हे उलटंच वाटेल, पण पहिल्या वेळेला तरी बंद ठेवा, का ते पुढे येईलच.

कोरियन गाणी म्हणजे सात-आठ जणांचा ग्रुप, रंगवलेले केस आणि एका तालावरचा डान्स एवढंच ज्यांनी पाहिलंय, आणि मग भाचीने नाहीतर ऑफिसमधल्या कुणीतरी एकटीने गायलेलं एक हळू गाणं, म्हणजे बॅलड, पाठवलं, आणि यात एवढं डोळ्यात पाणी येण्यासारखं काय आहे असा खरंच प्रश्न पडला, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मला ही गाणी ऐकायला लागून बरीच वर्षं झाली, भाषा मी घरीच थोडीथोडी शिकले, आणि सुरुवातीला काय काय चुकलं ते आठवतंय. त्यामुळे ज्या क्रमाने मला कळत गेलं त्या क्रमाने नाही, तर ज्या क्रमाने कळायला हवं होतं त्या क्रमाने सांगते.

गाणं एकच घ्या

प्लेलिस्ट नको. ‘टॉप ५० कोरियन बॅलड्स’ लावून बसलात तर तिसऱ्या गाण्यानंतर सगळी सारखीच वाटायला लागतील आणि मग तुम्ही म्हणाल की सगळीच रडकी आहेत. एक गाणं घ्या आणि आठवडाभर तेच ठेवा.

मी सांगेन आययू या गायिकेचं ‘बाम-प्यॉन्जी’. इंग्रजीत त्याला ‘थ्रू द नाईट’ म्हणतात आणि शोधताना तेच नाव टाका, पण मूळ नावाचा अर्थ त्यात उतरत नाही. बाम म्हणजे रात्र, प्यॉन्जी म्हणजे पत्र. रात्रीचं पत्र. २४ मार्च २०१७ ला हे आलं, तिच्या ‘पॅलेट’ नावाच्या अल्बमच्या महिनाभर आधी. शब्द तिचे स्वतःचे, चाल किम जे-ह्वी आणि किम ही-वॉन या दोघांची. कोरियात ते चार्टवर पहिल्या नंबरला गेलं आणि २०१८ च्या जानेवारीत गोल्डन डिस्क अवॉर्ड्समध्ये डिजिटल गाण्यांचं सगळ्यात मोठं बक्षीस यालाच मिळालं. हे सांगितलं ते एवढ्यासाठीच की हे कोपऱ्यातलं, चार दर्दी लोकांचं गाणं नाही, तिकडे रिक्षावाल्यापासून, म्हणजे टॅक्सीवाल्यापासून, शाळेतल्या पोरांपर्यंत सगळ्यांना माहीत असलेलं गाणं आहे, आणि तरी ते इतकं हळू आहे.

आययू म्हणजे ली जी-उन, जन्म १६ मे १९९३. ‘आय’ आणि ‘यू’, मी आणि तू, गाण्यामुळे एक होतात म्हणून हे नाव. २००८ च्या सप्टेंबरमध्ये पंधराव्या वर्षी पहिल्यांदा टीव्हीवर गायली.

पहिल्यांदा रात्री ऐका, हळू आवाजात

दिवसा, स्पीकरवर, भांडी घासताना ऐकू नका. म्हणजे नंतर ऐका हवं तर, मीही ऐकते. पण पहिल्यांदा रात्री, सगळे झोपल्यावर, हेडफोन लावून, आणि आवाज नेहमीपेक्षा कमी. कोरियन लोकांत एक शब्द आहे, ‘सेब्योक काम्सॉंग’. सेब्योकचं भाषांतर पहाट करतात खरं, पण बोलताना रात्री एक-दोन वाजताच्या वेळेलाही ते सेब्योकच म्हणतात, आणि त्या वेळी माणूस जसा हळवा होतो, नको त्या माणसाला मेसेज टाईप करून परत पुसतो, त्या मनःस्थितीला ते सेब्योक काम्सॉंग म्हणतात. हे गाणं त्या वेळेचं आहे.

गाणं सव्वाचार मिनिटांच्या आसपास आहे. कान कुठे द्यायचा? गिटारकडे आधी. एकच अकूस्टिक गिटार, आणि तीच गाण्याचा कणा, धडधडणारा ड्रम नाही की कोरस आला म्हणून वाद्यांची भिंत उभी राहत नाही. मग श्वासाकडे. आवाज माइकच्या इतका जवळ आहे की ओळ सुरू व्हायच्या आधीचा श्वास ऐकू येतो, आणि ओळ संपते तेव्हा सूर कापला जात नाही, तो हवेत विरतो. पूर्ण आवाज आणि कुजबूज यांच्या मधे कुठेतरी ती गाते. शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय आणि त्याला उठवायचं नाहीये, असं.

मी हे आमच्या घरी एकदा संध्याकाळी लावलं होतं, आई मेथी निवडत बसली होती. तिला कोरियन सोडाच, हिंदी गाण्यांचेही शब्द ती नीट ऐकत नाही. अर्धं गाणं झाल्यावर मान वर न करता म्हणाली, “ही कुणाला झोपवतेय का गं?” मी दोन आठवडे शब्दार्थ लावत बसले होते आणि मला जे उशिरा कळलं ते तिला मेथीच्या काड्या मोडता मोडता कळलं. म्हणून म्हणते सबटायटल बंद. खाली अक्षरं पळायला लागली की डोळा तिकडे जातो आणि कान बंद होतो, आणि या गाण्यात निम्मं सांगणं आवाजाचं आहे.

आता वही काढा

हा भाग जरा मोठा आहे, कारण खरी गंमत इथेच आहे आणि मराठी माणसाला इथे एक फायदा आहे जो इंग्रजी बोलणाऱ्याला नाही.

वहीत प्रत्येक ओळीसाठी तीन ओळी सोडा. पहिल्या ओळीत कोरियन उच्चार देवनागरीत. दुसऱ्या ओळीत शब्दाखाली शब्द, जसाच्या तसा मराठी, वाक्य जुळवायचा प्रयत्न न करता. तिसऱ्या ओळीत तुम्हाला जे म्हणावंसं वाटतं ते. शब्द शोधायला नेव्हर या कोरियन वेबसाइटची डिक्शनरी आहे, पापागो नावाचं भाषांतराचं ॲप आहे, दोन्ही फुकट. आख्खं गाणं ॲपमध्ये टाकून भाषांतर काढू नका, एकेक शब्द शोधा.

आणि बघा काय होतं. कोरियन वाक्यात क्रियापद शेवटी येतं, आपल्यासारखंच. नामाला प्रत्यय मागून लागतात, आपल्यासारखेच. ‘दांगशिन-ए छांग काक्काई’, याच्याखाली लिहा ‘तुमच्या खिडकी जवळ’. एकही शब्द इकडचा तिकडे करावा लागला नाही! इंग्रजीत हेच करायला गेलं की सगळं उलटं होतं, ‘मी पाठवेन’ पहिल्यांदा येतं आणि खिडकी शेवटी. मूळ गाण्यात आधी रात्र येते, मग त्या दिवसाचा एक काजवा, मग तुमची खिडकी, मग जवळ, आणि हे सगळं डोळ्यासमोर आल्यावर शेवटी कळतं की ती काय करणार आहे, ती तो काजवा पाठवणार आहे. इंग्रजी सबटायटलने हे आधीच फोडून टाकलेलं असतं. मराठीत ते जसंच्या तसं उलगडतं. मला हे कळलं तेव्हा मी अक्षरशः वही बंद करून पाच मिनिटं नुसती बसले होते.

काजव्याला शब्द आहे बान्दिप्पुल, त्यातला ‘पुल’ म्हणजे आग, उजेड. ज्यांनी मे-जूनमध्ये भंडारदऱ्याला रात्री काजवे बघितलेत त्यांना वेगळं सांगायला नको की तो उजेड कसा असतो, आवाज नाही, ऊब नाही, लागतो आणि विझतो. कोरियातही मुजू नावाच्या ठिकाणी काजव्यांचा उत्सव भरतो. रात्री कुणाच्या खिडकीशी काय पाठवावं, तर ज्याने झोपमोड होणार नाही असं काहीतरी, आणि दिसलं तर दिसलं, नाही दिसलं तर नाही. फोन नाही, हाक नाही, दगड मारणं नाही.

मग येतं ते ‘यो’. गाणं ऐकताना तुमच्या लक्षात आलंच असेल की बऱ्याच ओळींच्या शेवटी ‘यो’ येतंय. हे आदराचं शेपूट आहे. हे काढलं तरी अर्थ तोच राहतो, पण मग बोलणं ‘तू’ च्या पातळीवर येतं. आणि हे यो फार औपचारिक पण नाही, ऑफिसच्या पत्रातलं ‘आपण’ नाही, घरातलं आहे, आपल्याकडे आजी आजोबांना ‘अहो’ म्हणायची त्याच्या जवळ जाणारं, जवळीक पण आहे आणि अंतर पण राखलेलं आहे. शिवाय ‘यो’ उघड्या स्वरावर संपतं, म्हणजे गाताना तिथे श्वास सोडता येतो. अर्थ आणि आवाज दोन्ही एकाच वेळी मऊ होतात. इतर भाषेत हे जमणं अवघड.

आता ‘पाठवेन’ साठी तिने वापरलेलं रूप बघा, ‘बोनेल्केयो’. मी वहीत आधी ‘पाठवेन’ लिहिलं. कोरडं वाटलं. हे रूप नुसता भविष्यकाळ नाहीये, यात समोरच्याला दिलेला शब्द असतो, त्याचा विचार करून म्हटलेलं असतं. चार दिवसांनी लिहिलं ‘पाठवते हं’. तो ‘हं’ आला आणि बसलं. आपण कुणाला ‘मी निघते हं’ म्हणतो ना, तसं.

पण ‘पाठवते’ म्हटलं की बाई आली. पुरुष असेल तर ‘पाठवतो’. कोरियन क्रियापदात लिंग नाही, ‘दांगशिन’ मध्येही नाही. गाणारी कोण, ऐकणारा कोण, काही ठरलेलं नाही. म्हणूनच हे गाणं मुलांनी गायलेलंही भरपूर सापडतं आणि त्यांना एक अक्षर बदलावं लागत नाही. आणि ऐकणाऱ्याला त्यात कुणीही बसवता येतं, नवरा, मैत्रीण, परगावी शिकायला गेलेली मुलगी. मराठीत उतरवताना हे आपल्या हातून सुटतं, त्याला इलाज नाही, वहीत कंसात दोन्ही लिहून ठेवा.

‘तुम्ही’साठी इथे दोन शब्द येतात, दांगशिन आणि गूदे. दांगशिन जपून वापरायचा शब्द आहे हं, नवरा-बायकोत, गाण्यात, कवितेत तो प्रेमाचा, पण रस्त्यावर अनोळखी माणसाला म्हटलात तर भांडण काढल्यासारखं होतं. गूदे तर आता जवळपास गाण्या-कवितेतच राहिलाय. म्हणजे हे दोन शब्द ऐकू आले की समजायचं, रोजच्या बोलण्यातून आपण जरा बाजूला आलोय, पत्रात आलोय.

आणि एक. ‘माझं प्रेम आहे’ असं ती थेट म्हणत नाही. आधी काजव्याचं सांगते, आणि मग म्हणते की हे जे मी बोलतेय ना, ते म्हणजे प्रेम आहे असं म्हणणं आहे. आपलंच बोलणं आपणच समजावून सांगतेय. लाजऱ्या माणसाने डबा भरून दिला आणि जाता जाता म्हणालं की एवढ्यासाठीच केला होता. कोरियनमध्ये अशी आडवाटेने म्हणायची सवय बरीच दिसते. ‘तुझी आठवण येते’ याला ते म्हणतात ‘पोगो शिप्ता’, शब्दशः बघावंसं वाटतं. एवढंच. बघावंसं वाटतं.

जे केलं नाही ते ऐकायचं

आता तिचंच दुसरं गाणं लावा, २०१० च्या डिसेंबरचं ‘गुड डे’. त्याच्या शेवटाकडे ती एकाच दमात तीन पायऱ्यांनी वर जाते, कोरियात त्याला ‘साम्दान गोउम’ म्हणजे तीन पायऱ्यांचा उंच सूर असं नावच पडलं आणि त्यानेच ती घराघरात पोचली. तेव्हा ती सतरा वर्षांची होती.

हे ऐकून लगेच परत ‘बाम-प्यॉन्जी’ लावा. ज्या मुलीला तो सूर लागतो ती इथे तो लावत नाहीये. नुसतं हळू गाणं वेगळं आणि जोरात गाता येत असून हळू गाणं वेगळं. मोठ्या आवाजाच्या बॅलडचा साचा असा असतो की पहिलं कडवं हळू, मग चढत चढत शेवटच्या कोरसला किंकाळी, आणि मग शांत. हा साचा वाईट नाही, त्यातलीही काही गाणी मला फार आवडतात. पण इथे तुम्ही वाट बघत राहता की आता वर जाईल, आता जाईल, आणि ती जात नाही. जिथे मोठ्याने म्हणण्यासारखी ओळ येते, की मनातलं सगळं काढून देता येणार नाही अशा अर्थाची, तिथेसुद्धा ती सूर जागच्या जागीच ठेवते. काढून देता येत नाही म्हणते आणि खरंच देत नाही. ते न दिलेलं तुमच्याकडे येऊन साचतं, मग तीन दिवसांनी बसमध्ये उगाच डोळे भरतात.

बरेच लेख इथे ‘हान’ नावाच्या शब्दाकडे वळतात, कोरियन माणसाच्या मनात साठलेलं जुनं दुःख वगैरे. शब्द खरा आहे, पण प्रत्येक हळू गाण्याला तो चिकटवायची घाई करू नका. या गाण्यात मला तो दिसत नाही. इथे दुःखापेक्षा काळजी आहे.

कसली काळजी? झोपेची. आययूला निद्रानाशाचा त्रास आहे हे तिने अनेकदा मोकळेपणाने सांगितलंय. आणि या गाण्याबद्दल तिचं म्हणणं असं की ज्याला स्वतःला झोप येत नाही त्याने दुसऱ्याला शांत झोप लागो म्हणणं, याहून मोठी प्रेमाची कबुली नाही. ज्याने कधी रात्री तीन वाजता पंख्याकडे बघत कूस बदललीय त्याला हे लगेच कळेल. आपल्याजवळ जे नाहीच, तेच दुसऱ्याला मिळावं म्हणायचं.

तिची झोपेवरची तीन गाणी मी एका ओळीत ऐकते आणि तुम्हीही ऐका, पण पहिलं नीट मुरल्यावर. २०१५ चं ‘मुरुप’ म्हणजे गुडघे, खरं तर मांडी, झोप येत नसताना आजीच्या मांडीवर डोकं ठेवून केसातून हात फिरवून घ्यावा असं वाटणं. लहानपणी घरची परिस्थिती बिघडली तेव्हा ती आजीजवळ राहिलेली आहे, त्यामुळे ते गाणं नुसतं कल्पनेतलं नाही. मग २०१७ चं आपलं पत्र. आणि २०१९ च्या ‘लव्ह पोएम’ मधलं ‘जाजांगा’, म्हणजे अंगाई. कोरियन आया बाळाला थोपटताना ‘जाजांग जाजांग’ म्हणतात, आपण ‘जो जो’ म्हणतो. दोन हजार कोसांवर आणि ‘ज’ तोच, मला याचं फार अप्रूप वाटतं. पहिल्यात ती झोप मागते, दुसऱ्यात देते, तिसऱ्यात थोपटतेच.

थोडं गुणगुणा

गायला यायला पाहिजे असं नाही, पण तोंडात शब्द आल्याशिवाय ते आपले होत नाहीत. दोन उच्चार मात्र सांभाळा. इंग्रजी अक्षरांत जिथे ‘ई-ओ’ असं जोडलेलं दिसेल तिथे ‘इओ’ म्हणायचं नाही, तो ‘ऑ’ च्या जवळचा स्वर आहे, म्हणून प्यॉन्जी. आणि जिथे ‘ई-यू’ दिसेल तिथे ‘ई’ म्हणताना ओठ जसे ताणलेले असतात तसेच ठेवून ‘उ’ म्हणा, आपल्याकडे तो स्वर नाही, दोन दिवस आरशासमोर हसायला येईल, मग जमतं. आणि शब्दाच्या सुरुवातीचा ‘ब’ त्यांच्या तोंडी अर्धा ‘प’ ऐकू येतो, त्यामुळे ‘बाम’ की ‘पाम’ असा गोंधळ झाला तर तुमचे कान ठीक आहेत.

जमलं तर हांगुल लिपी पण शिकून घ्या. मुळाक्षरं चौदा व्यंजनं आणि दहा स्वर, एवढीच. सेजोंग राजाने १४४३ मध्ये करवली आणि १४४६ मध्ये लोकांसाठी जाहीर केली, साध्या माणसाला लिहिता यावं म्हणूनच केली, त्यामुळे सोपी आहे, एका शनिवार-रविवारात वाचता येते. इंग्रजी स्पेलिंगच्या कुबड्या सुटल्या की गाणं एकदम जवळ येतं.

मग मागे जायचं

एका गाण्यावरून पुढच्या नवीन गाण्यांकडे जाण्याऐवजी मी म्हणेन मागे जा. आणि त्यासाठीसुद्धा आययूच चांगला पूल आहे, कारण तिने ‘फ्लॉवर बुकमार्क’ नावाने जुनी गाणी नव्याने गायलीत. पहिला भाग २०१४ चा. त्यात ली मून-सेचं १९८७ चं गाणं आहे, किम ग्वांग-सॉकचं आहे, आणि सानुल्लिम या बँडच्या १९८४ च्या गाण्यात तर मूळ गायक किम छांग-वान स्वतः तिच्याबरोबर गायलेत, साठीकडे झुकलेला माणूस आणि विशीतली मुलगी, आणि दोघंही आवाज चढवत नाहीत.

दुसरा भाग २०१७ च्या सप्टेंबरचा. त्यातलं ‘काउल आछिम’, शरदातली सकाळ, मूळ यांग ही-उन यांचं १९९१ चं. हे गाणं आययूने १८ सप्टेंबरला, म्हणजे पहिल्यांदा टीव्हीवर गायली त्याच तारखेला, सकाळी सात वाजता रिलीज केलं. सकाळचं गाणं म्हणून सकाळी. तेही तुम्ही सकाळीच ऐका, चहा ठेवल्यावर.

आणि यू जे-हा. हे नाव लिहून ठेवा. १९८७ च्या ऑगस्टमध्ये त्याचा एकच अल्बम आला, शब्द-संगीत सगळं त्याचं, आणि १ नोव्हेंबरला कार अपघातात तो गेला, पंचवीस वर्षांचा होता. आज कोरियन बॅलड म्हणून जे ओळखलं जातं, ती सुरावट, ते बोलल्यासारखं गाणं, त्याचा उगम सांगताना बहुतेकजण त्या एका अल्बमपाशी येऊन थांबतात. त्याच्या नावाने नव्या गीतकार-संगीतकारांसाठी स्पर्धा भरते. त्याचा आवाज तयारीचा नाही, पहिल्यांदा कच्चा वाटेल, तरी तीनदा ऐका. ली सोराही ऐका, तिचं २००४ चं ‘वाऱ्याचं’ गाणं, पण ते खरंच जड आहे, मन बरं नसेल त्या दिवशी नको.

शेवटची ओळ

हे मी मुद्दाम शेवटी ठेवलंय, कारण आधी सांगितलं असतं तर त्याची मजा गेली असती.

आता आठवडा झाला असेल, वही भरली असेल. रात्री परत हेडफोन लावा आणि या वेळी फक्त सुरुवात आणि शेवट शेजारी ठेवून ऐका. दोन्हीकडे तीच रात्र, तोच काजवा, तीच खिडकी. पण सुरुवातीला होतं ‘बोनेल्केयो’, पाठवते हं. शेवटी आहे ‘तिउल्केयो’. हे क्रियापद म्हणजे तरंगत सोडणं, पाण्यावर नाहीतर हवेत. आणि कोरियनमध्ये पत्र धाडण्यालासुद्धा हेच क्रियापद लावतात, पत्र तरंगत सोडायचं. नदीत द्रोणात दिवा सोडतो आपण, तसं. म्हणजे गाण्याचं नाव शेवटच्या ओळीत येऊन पूर्ण होतं, आख्ख्या गाण्यात जे लिहिलं ते पत्र आत्ता सोडलं. मी माझ्या वहीत तिथे लिहिलंय ‘सोडते हं’.

आणि त्याच्यापुढे सुरुवातीला जिथे ‘हे म्हणजे प्रेम आहे असं म्हणणं’ आलं होतं, त्याच जागी, त्याच सुरावर, शेवटी ते शब्द नाहीत. तिथे ती म्हणते की स्वप्न चांगलं पडू दे. दोन वाक्यांची जागा एकच आहे, म्हणजे दोन्हीचा अर्थ एकच आहे, आणि हे ती कुठे समजावून सांगत नाही, पहिल्यांदा समजावलं होतं, आता गरज नाही.

एवढं झालं की फक्त एक करा, स्लीप टायमर लावून ठेवा, ट्रॅक संपला की बंद. ऑटोप्ले चालू राहिलं तर लगेच पुढचं काहीतरी दणक्यात सुरू होतं. आईच्या फोनवर मी तसं सेट करून दिलंय. तिच्याकडे ते ‘झोपेचं गाणं’ या नावाने सेव्ह आहे.